शंभरावे कलम आणि थकलेली वर्गणी

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात नोकरीला लागणारा प्रत्येक जण, मग तो मुख्यालयातील उपसरचिटणीस असो की दूरच्या मोहिमेवरचा कनिष्ठ लेखापाल, रुजू होताना एका प्रतिज्ञेवर सही करतो. आपले काम निष्ठेने आणि सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून करू, केवळ संयुक्त राष्ट्रांचे हित डोळ्यांपुढे ठेवू आणि कोणत्याही सरकारकडून किंवा संघटनेबाहेरच्या अन्य कोणाकडून आदेश मागणार नाही वा स्वीकारणार नाही, असा तिचा आशय आहे. ‘कोणत्याही सरकारकडून’ या शब्दांत सही करणाऱ्याचे स्वतःचे सरकारही येते. माणसाला आपल्या देशाचा नागरिक राहूनही कामाच्या वेळेत त्या देशाचा हस्तक न होण्याचे वचन द्यायला लावणारी ही प्रतिज्ञा सनदेच्या शंभराव्या कलमातून आली आहे. मात्र त्या कलमाचा दुसरा भागही आहे आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. सचिवालयाचे निव्वळ आंतरराष्ट्रीय स्वरूप आपण मानू आणि त्याच्या कामावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न करणार नाही, असे वचन त्या भागात सदस्य देशांनी दिले आहे. पहिले वचन सचिवालयातील माणसांनी, काही गंभीर अपवाद वगळता, पाळले आहे. दुसरे वचन मात्र सदस्य देशांनी, आणि त्यातही ज्यांच्या हाती सर्वांत जास्त सत्ता आहे त्यांनी, पहिल्या दशकापासून मोडले आहे, आणि सचिवालयाच्या दुबळेपणाचे मूळ तिथे आहे, असे माझे मत आहे.

आंतरराष्ट्रीय कचेरीतला माणूस कोणत्याच देशाचा नोकर नसावा, ही कल्पना आज स्वाभाविक वाटते. शंभर वर्षांपूर्वी ती अगदी नवी होती. १८६५ मध्ये स्थापन झालेली तार संघटना आणि १८७४ मधील टपाल संघटना यांची कार्यालये स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे होती, आणि त्यांच्यावर देखरेख स्विस सरकारची असे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ उभा राहत असताना सचिवपदासाठी प्रथम ज्यांचे नाव पुढे आले त्या मॉरिस हँकी यांच्या मनातला आराखडा असा होता, की प्रमुख देशांनी आपापले सचिव आपापल्या कर्मचाऱ्यांसह पाठवावेत आणि त्या सगळ्यांची मिळून एक कचेरी व्हावी. हँकी यांनी पद नाकारले आणि ते ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील एरिक ड्रमंड यांच्याकडे आले. स्वभावाने अबोल आणि प्रसिद्धीपासून दूर राहणाऱ्या या अधिकाऱ्याने हँकींचा आराखडा बाजूला ठेवला. निरनिराळ्या देशांची माणसे घ्यायची, पण त्यांना देशवार न बसवता कामाच्या विषयानुसार विभागांत बसवायचे, त्यांचा पगार संघाच्या तिजोरीतून द्यायचा आणि त्यांची निष्ठा संघाशी बांधायची, असे त्यांनी ठरवले. या कर्मचाऱ्यांनी आपल्या देशाचे नव्हे, तर केवळ संघाचे सेवक असले पाहिजे, हे तत्त्व १९२० मध्ये आर्थर बाल्फोर यांच्या अहवालाने मान्य केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनहून ही कचेरी जिनिव्हातील एका जुन्या हॉटेलात हलली. तिथे अल्पसंख्याकांच्या तक्रारी, साथरोगांची माहिती, निर्वासित, अफूचा व्यापार अशा विषयांवर काम करणारे विभाग उभे राहिले, आणि जगातली पहिली खरीखुरी आंतरराष्ट्रीय नोकरशाही आकाराला आली.

ही कल्पना किती नाजूक होती, हेही तिथेच कळले. ड्रमंड यांनीही वरच्या जागा मोठ्या देशांना वाटून दिल्या होत्या. इटलीत फॅसिस्ट राजवट आल्यावर त्या देशाच्या कर्मचाऱ्यांची निष्ठा रोमकडे वळवली गेली. जर्मनीचेही पुढे तसेच झाले. १९३३ मध्ये ड्रमंड यांच्या जागी आलेले फ्रान्सचे जोझेफ अव्हेनॉल यांनी १९४० च्या उन्हाळ्यात, फ्रान्स कोसळल्यानंतर, बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवले आणि संघाची कचेरी नव्या सत्ताधाऱ्यांच्या सोयीने वळवता येईल का, याचा विचार सुरू केला. ते पायउतार झाले आणि आयर्लंडचे शॉन लेस्टर यांनी मूठभर सहकाऱ्यांसह युद्ध संपेपर्यंत ती कचेरी जिवंत ठेवली. संघाने केलेले करार, जमवलेली आकडेवारी आणि पाळलेली शिस्त पुढच्या संघटनेच्या हाती सुरक्षित पोहोचली, याचे श्रेय लेस्टर यांना द्यावे लागते. नियम तोच असताना एका माणसाने कचेरी मोडीत काढायला घेतली आणि दुसऱ्याने ती राखली. सॅन फ्रान्सिस्कोत १९४५ मध्ये सनद लिहिणाऱ्यांनी ही निष्ठा केवळ प्रथेवर न सोडता थेट सनदेच्या मजकुरात घातली, त्यामागे हा अनुभव होता.

तरीही पहिला घाव यजमान देशाकडूनच बसला. पहिले सरचिटणीस, नॉर्वेचे ट्रिग्वे ली, यांनी १९४९ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याशी एक गुप्त समझोता केला. सचिवालयातील अमेरिकी कर्मचाऱ्यांची राजकीय पार्श्वभूमी तपासून त्याची माहिती सरचिटणीसांना कळवली जावी, अशी ती व्यवस्था होती. १९५२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे आणि न्यूयॉर्कमधील ज्यूरीपुढे या कर्मचाऱ्यांना बोलावले जाऊ लागले, आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनादत्त हक्क ज्यांनी वापरला त्यांना ली यांनी नोकरीवरून काढले. या दबावाच्या काळात संघटनेचे मुख्य विधी अधिकारी एब्रहॅम फेलर यांनी नोव्हेंबर १९५२ मध्ये आत्महत्या केली. त्यानंतर काही काळ मुख्यालयाच्या इमारतीतच अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणेचे अधिकारी बसत होते आणि आंतरराष्ट्रीय सेवेची प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेत होते. ली यांच्या जागी आलेल्या स्वीडनच्या डाग हॅमरशोल्ड यांनी १९५३ मध्ये त्यांना इमारतीबाहेर काढले. काढून टाकलेल्यांपैकी काहींच्या बाजूने प्रशासकीय न्यायाधिकरणाने निकाल दिला, भरपाई देण्याला अमेरिकेने विरोध केला, आणि १९५४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही भरपाई नाकारण्याचा आमसभेला अधिकार नाही असे मत दिले. सचिवालयाच्या इतिहासातले हे प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पुढच्या काळात दबावाची रूपे सौम्य झाली, तरी आपला नागरिक म्हणजे आपला माणूस ही समजूत तशीच राहिली.

दुसऱ्या बाजूने ती समजूत अधिक मोकळेपणाने बोलून दाखवली गेली. काँगोच्या पेचप्रसंगात हॅमरशोल्ड यांच्या निर्णयांवर चिडलेल्या सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी २३ सप्टेंबर १९६० रोजी आमसभेत मागणी केली, की सरचिटणीसाचे पद मोडून त्या जागी पाश्चिमात्य, समाजवादी आणि तटस्थ अशा तीन गटांचे तीन प्रतिनिधी बसवावेत. पुढे एका मुलाखतीत ते म्हणाले, की तटस्थ देश असू शकतात, पण तटस्थ माणसे नसतात. हॅमरशोल्ड यांनी ३० मे १९६१ रोजी ऑक्सफर्डमध्ये दिलेले व्याख्यान म्हणजे या एका वाक्याला दिलेले उत्तर आहे. माणसाला मते असतात, सहानुभूती असते, हे त्यांनी नाकारले नाही. या गोष्टींचा आपल्या कृतीवर परिणाम होऊ नये म्हणून त्याने स्वतःला सतत तपासत राहायचे असते, आणि प्रत्येक न्यायाधीशावर हेच बंधन नसते काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. साडेतीन महिन्यांनी आफ्रिकेत एन्डोलाजवळ विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

ख्रुश्चेव्ह यांच्या वाक्याचे उत्तर मला तत्त्वचर्चेपेक्षा सुरक्षा परिषदेच्या दालनातील काचेमागे अधिक नेमके सापडते. तिथे सहा अधिकृत भाषांचे सहा कक्ष आहेत. बहुतेक कक्षांत दोन दुभाषे बसतात. अरबी आणि चिनी कक्षांत तीन, कारण त्यांना आपल्या भाषेतून दुसऱ्या भाषेतही बोलावे लागते. एकाने वीस ते तीस मिनिटे बोलायचे, मग दुसऱ्याने. त्याहून अधिक वेळ तो ताण कोणाच्याही मेंदूला झेपत नाही. आणि त्यांचा नियम असा, की ‘वक्ते म्हणत आहेत’ असे म्हणायचे नाही. वक्ता ‘मी’ म्हणाला, की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचे. ज्या देशाने आपल्या गावावर बॉम्ब टाकले त्या देशाचा राजदूत त्याचे समर्थन करत असतानाही दुभाष्याने ते समर्थन प्रथमपुरुषी, त्याच तोलाने, एकही शब्द मवाळ किंवा जहाल न करता बोलायचे असते. पलीकडे कर्णसंच लावून बसलेला प्रतिपक्ष त्या आवाजावर इतका विश्वास ठेवतो की त्या शब्दांवर लगेच प्रत्युत्तर रचतो. तटस्थ माणूस जन्माला येत नसेल, पण तो असा घडवता येतो, आणि सगळी सरकारे रोज त्याच्यावर विसंबतात.

सचिवालयाचे बरेचसे काम याच जातीचे आहे आणि म्हणूनच ते दिसत नाही. दोन देशांनी केलेला करार सनदेच्या १०२ व्या कलमानुसार सचिवालयात नोंदवावा लागतो. न नोंदवलेल्या कराराचा आधार संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही अंगापुढे घेता येत नाही. पहिल्या महायुद्धामागे गुप्त करारांचे जाळे होते, त्यावर काढलेला हा उपाय. शिवाय साडेपाचशेहून अधिक बहुपक्षीय करारांचे कागद सरचिटणीसांच्या ताब्यात असतात. कोणी सही केली, कोणी कोणती अट घालून केली, कोण बाहेर पडले, याची नोंद ठेवणाऱ्या कारकुनावर एखाद्या देशाचा पगडा बसला, तर आंतरराष्ट्रीय कायद्याचे दप्तरच संशयास्पद होईल. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुएझच्या संकटात आमसभेने आणीबाणीच्या फौजेची योजना मांडायला हॅमरशोल्ड यांना अठ्ठेचाळीस तास दिले, आणि तोवर कोणत्याही नियमपुस्तकात नसलेली शांतिसेना नावाची व्यवस्था त्या मुदतीत कागदावर उतरली. त्या महिन्याच्या मध्यापर्यंत पहिले सैनिक इजिप्तमध्ये पोहोचले होते. प्रशिक्षित आणि सर्वांना मान्य असलेली कचेरी हाताशी नसती, तर हे घडले नसते.

येथे सचिवालयाची बाजू घेणाऱ्यानेही एका दिवसाकडे डोळेझाक करता कामा नये. ११ जानेवारी १९९४ रोजी रवांडातील शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ डॅलेर यांनी किगालीहून मुख्यालयाला एक तार पाठवली. सत्ताधारी गटाशी जवळीक असलेल्या एका खबऱ्याने दडवलेल्या शस्त्रसाठ्यांची माहिती दिली होती, तुत्सी जमातीच्या लोकांची नोंदणी त्यांना मारण्यासाठीच चालली असावी असा संशय व्यक्त केला होता, आणि डॅलेर छत्तीस तासांत साठ्यांवर छापा घालणार होते. शांतिसेना विभागाने उत्तर पाठवले, की तुमच्या अधिकारकक्षेत हे बसत नाही. राष्ट्राध्यक्षांना आणि तीन देशांच्या राजदूतांना ही माहिती द्या. सुरक्षा परिषदेपुढे ती तार ठेवली गेली नाही. सोमालियात तीन महिन्यांपूर्वीच अठरा अमेरिकी सैनिक मारले गेले होते, परिषद आता काही ऐकून घेणार नाही, असा अंदाज बांधून कचेरीने स्वतःच आपले तोंड बंद केले. एप्रिलपासून शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. १९९९ मध्ये इंग्वार कार्लसन यांच्या चौकशी समितीने सचिवालयावर ठपका ठेवला, तो योग्यच होता. २००० मध्ये लख्दर ब्राहिमी यांच्या समितीने त्यातून धडा काढला, की परिषदेला जे ऐकायला आवडते ते नव्हे, तर जे तिला कळायला हवे ते सचिवालयाने सांगितले पाहिजे. तरीही २००९ मध्ये श्रीलंकेतील युद्धाच्या अखेरीस मृतांच्या आकड्यांबाबत पुन्हा तशीच चुप्पी दिसली, आणि २०१२ च्या अंतर्गत अहवालाने ते मान्य केले.

या चुकांवरून सचिवालयावरचे सरकारांचे नियंत्रण वाढवावे असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा मला तो उलटा वाटतो. या दोन्ही वेळी कचेरी सरकारांच्या मर्जीचा अंदाज घेऊन वागली, आणि मर्जी सांभाळण्याची ही सवय तिला नेमणुकीच्या पद्धतीने लावली आहे.

सनदेच्या ९७ व्या कलमानुसार सरचिटणीसाची नेमणूक आमसभा करते, पण सुरक्षा परिषदेच्या शिफारशीवरून, आणि त्या शिफारशीला पाचही कायम सदस्यांचा नकाराधिकार लागू होतो. बंद दाराआड अनौपचारिक मतदानाच्या फेऱ्या होतात आणि अखेरच्या टप्प्यात कायम सदस्यांच्या मतपत्रिका वेगळ्या रंगाच्या असतात, म्हणजे नकार कोणत्या वर्गातून आला ते कळावे. १९८१ मध्ये चीनने तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांना आणि अमेरिकेने टांझानियाचे सलीम अहमद सलीम यांना पुन्हा पुन्हा अडवले, आणि दोघेही बाजूला झाल्यावर पेरूचे पेरेझ दे क्वेयार यांची निवड झाली. नोव्हेंबर १९९६ मध्ये बुत्रोस घाली यांच्या दुसऱ्या मुदतीच्या बाजूने चौदा मते पडली आणि विरोधात एक, अमेरिकेचे. ते एक पुरले. पदावर बसलेल्या माणसाला पहिल्या पाच वर्षांत आपल्या फेरनिवडीचा विसर पडावा, अशी अपेक्षा अशा व्यवस्थेत कशी करायची? शांततेला धोका निर्माण करणारी बाब स्वतःहून परिषदेपुढे नेण्याचा अधिकार देणारे ९९ वे कलम हॅमरशोल्ड यांनी जुलै १९६० मध्ये काँगोसाठी आणि अंतोनियो गुटेरेस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये गाझासाठी वापरले. इराक युद्ध सनदेला धरून नव्हते असे कोफी अन्नान २००४ मध्ये बोलले. तिघेही तेव्हा दुसऱ्या मुदतीत होते. पहिल्याच मुदतीत, जून १९५० मध्ये, कोरियाच्या प्रश्नावर उघड भूमिका घेतली ती ली यांनी, आणि सोव्हिएत संघाने त्यांची फेरनिवड अडवून व पुढे त्यांच्याशी व्यवहारच तोडून त्याची किंमत वसूल केली. चार उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे, पण कल कोणत्या बाजूला आहे ते स्पष्ट आहे.

फेरनिवडीच्या सौद्यात आणखी एक गोष्ट वाटली जाते, ती म्हणजे वरच्या खुर्च्या. शांतिसेना विभागाचा प्रमुख १९९७ पासून फ्रेंच आहे. २००७ पासून राजकीय विभागावर अमेरिकी, मानवतावादी मदतीवर ब्रिटिश आणि आर्थिक-सामाजिक विभागावर चिनी अधिकारी एकामागून एक आले. दहशतवादविरोधी कार्यालय २०१७ मध्ये निघाले आणि ते रशियाकडे गेले. यांतील काही माणसे कर्तबगार होती, त्याबद्दल वाद नाही. पण वरिष्ठ पदावर एकाच देशाच्या माणसाने त्याच देशाच्या माणसाची जागा घेऊ नये, अशा पदांवर कोणाची मक्तेदारी नसावी, असा ठराव आमसभेने १९९२ मध्येच केला आहे. त्या ठरावाला बाजूला सारून पाच देश पाच विभाग वारसाहक्काने सांभाळतात, तेव्हा खालच्या अधिकाऱ्याने प्रतिज्ञेतला ‘कोणत्याही सरकारकडून’ हा शब्दप्रयोग किती गांभीर्याने घ्यावा?

आणि मग वर्गणी. सचिवालयाचे २०२५ चे नियमित अंदाजपत्रक ३.७२ अब्ज डॉलरचे होते. त्यात अमेरिकेचा वाटा २२ टक्के आणि चीनचा सुमारे २० टक्के, म्हणजे दोन देशांनी हात आखडला की दर पाच डॉलरमागे दोन डॉलर अडकतात. ही वर्गणी म्हणजे देणगी नव्हे. १७ व्या कलमाने ती बंधनकारक आहे आणि अंदाजपत्रकावर प्रत्येक देश आधी चर्चा करून संमती देतो. १९८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एकपंचमांश वर्गणी रोखण्याचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी अंदाजपत्रक सर्वसंमतीने ठरवण्याची पद्धत पदरात पाडून घेतली. पैसे थकवले की अधिकार वाढतो, हे तेव्हा सर्वांनी पाहिले. त्यातच संघटनेच्या वित्तीय नियमांची एक विचित्र तऱ्हा आहे. वर्षअखेरीस खर्च न झालेली मंजूर रक्कम सदस्यांच्या खात्यात वळती करावी लागते, मग ती रक्कम प्रत्यक्षात हाती आलेली असो वा नसो. वर्गणी आली नाही म्हणून भरती थांबवायची, भरती थांबली म्हणून खर्च झाला नाही, आणि खर्च झाला नाही म्हणून न आलेले पैसे परत द्यायचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मुख्यालयातील सरकते जिने बंद ठेवण्यात आले. पुढे जिनिव्हातील प्रचंड वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये तीन आठवडे कुलूपबंद केली, ती तापवण्याचा खर्च वाचावा म्हणून.

जो पैसे देतो त्याने जाब विचारावा, हे म्हणणे रास्त आहे, आणि सचिवालयात फुगलेले, कालबाह्य काम नाही असे कोणी म्हणणार नाही. पण ते काम नेमून कोण देते? २०२४ या एका वर्षात या यंत्रणेने सुमारे २७,००० बैठकांची व्यवस्था पाहिली आणि सचिवालयाने १,१०० अहवाल तयार केले. दर पाचांतला एक अहवाल संकेतस्थळावरून हजारदेखील वेळा कोणी उतरवून घेतला नाही. यांतला जवळपास प्रत्येक अहवाल सदस्य देशांनीच ठराव करून मागितलेला असतो. ठराव करताना हात वर करायचा, खर्चाच्या वेळी हात आखडता घ्यायचा आणि नंतर कचेरी अकार्यक्षम म्हणून तिची माणसे कमी करायची, हा जाब विचारण्याचा प्रकार नव्हे.

स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांनी १९८५ मध्ये सुचवले होते, की कोणत्याही एका देशाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास मर्यादित करावा आणि उरलेला भार इतरांनी उचलावा. तेव्हा ती सूचना मागे पडली, कारण इतर देशांना खर्च नको होता आणि अमेरिकेला प्रभाव सोडायचा नव्हता. आज ती पुन्हा टेबलावर यायला हवी. संयुक्त राष्ट्रांची खरी गरज मोठ्या देशांना नसून इतर सगळ्यांना आहे, हे हॅमरशोल्ड यांनी ख्रुश्चेव्ह यांना उत्तर देताना आमसभेत सांगितले होते. मध्यम आणि लहान देशांनी ती गरज आपल्या खिशातून मान्य करायला हवी.

त्याआधी मात्र एक काम अधिक सोपे आहे. गुटेरेस यांची मुदत ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपते. आजवर नऊ सरचिटणीस झाले, नऊही पुरुष, आणि अन्नान यांचा अपवाद वगळता सगळे बाहेरून थेट या पदावर आले. सचिवालयात हयात घालवलेले ब्रायन अर्कहार्ट आणि त्यांचे सहकारी अर्स्किन चाइल्डर्स यांनी १९९० मध्येच सुचवले होते, की सरचिटणीसाला सात वर्षांची एकच मुदत द्यावी आणि फेरनिवडीचा प्रश्नच ठेवू नये. त्यावर आक्षेप असा, की पुन्हा निवडून येण्याची शक्यता नसलेल्या माणसाचे कोणी ऐकत नाही. पण दुसऱ्या मुदतीतील सरचिटणीसांना हा आक्षेप आजही लागू होतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे तेच अधिक स्पष्ट बोलले. शिवाय यासाठी सनदेत दुरुस्ती करावी लागत नाही. सनदेत मुदतीचा उल्लेखच नाही. पाच वर्षे आणि फेरनिवडीची मुभा या दोन्ही गोष्टी आमसभेच्या जानेवारी १९४६ च्या एका ठरावातून आल्या आहेत, आणि तोच ठराव आमसभेला आणि सुरक्षा परिषदेला पुढे अनुभवानुसार मुदत बदलण्याची वाट मोकळी ठेवतो. आमसभेत नकाराधिकार चालत नाही. नव्या व्यक्तीच्या नेमणुकीच्या ठरावात ‘सात वर्षे, फेरनेमणूक नाही’ एवढे शब्द घालण्यासाठी लागणारी मते १९३ देशांच्या त्या सभागृहात आहेत.